भाऊजींचं युद्ध

सोमवार, ४ मार्च

आज मला युद्ध मिळालं.

चौतीस वर्षं आवाज करण्याचा धंदा केला. आधी नभोनाट्यात, मग सिनेमात. दारं, पावलं, घोडे, वादळं, फुटणाऱ्या बश्या, चुंबनं (स्वतःच्याच मनगटावर, गैरसमज नको) असं सगळं वाजवून झालं. पण अख्खं युद्ध कुणी हातात दिलं नव्हतं.

दिग्दर्शिका एकोणतीस वर्षांची आहे. बंद खोलीतही लोकरीची टोपी घालून बसते, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव टोपी ठेवलंय. तिच्या सिनेमात आठ खोल्या आहेत आणि माणूस एकही नाही. एक खोली, नऊ मिनिटं, कॅमेरा जागचा हलत नाही. मग पुढची खोली. स्वयंपाकघर, शाळेचा वर्ग, न्हाव्याचं दुकान, असं करत आठ. सगळ्या खोल्या युद्ध संपल्यानंतरच्या. तिथे जे काही घडून गेलं ते फक्त ऐकू यायचं, दिसायचं नाही.

"म्हणजे दिसणार काहीच नाही?" मी विचारलं.

"पाचव्या खोलीत एक खुर्ची पडते."

"कोण पाडतं?"

"कुणीच नाही," टोपी म्हणाली आणि छताकडे बघत राहिली.

मी मान हलवली. खुर्ची पाडायला कुणीतरी लागतंच, कारण तिचा आवाज मलाच काढायचाय. पण होकार दिला. या वयात बाईला कोण युद्ध देतं?

गुरुवार, ७ मार्च

अडचण अशी की सराव करायचा कुठे. स्टुडिओ आठवड्यातून तीनच दिवस मिळतो. आणि आमच्या घरात आवाज करायचा नसतो.

हे इथे एकदा नीट लिहून ठेवते, कारण बाहेर कुणाला सांगितलं तर हसतात. आवाज करून पोट भरणारी बाई अशा घरात सून म्हणून आली जिथे चमचासुद्धा बशीवर टेकवताना श्वास रोखून धरतात. कारण भाऊजी. माझे दीर, यांचे धाकटे भाऊ. भाऊजी युद्धावर होते. मी या घरात आले तेव्हा युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि सासूबाईंचे नियम पक्के झाले होते. दार आपटायचं नाही. भांडं पाडायचं नाही. फुगा घरात आणायचा नाही. "त्यानं काय काय ऐकलंय ते त्याचं त्यालाच माहीत," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या आणि शेजारणी चप्पल हातात घेऊन जिना उतरायच्या. सासूबाई गेल्या, नियम राहिले. दारांच्या चौकटींना अजून लोकर चिकटवलेली आहे. ती दर दोन वर्षांनी मी बदलते.

भाऊजी स्वतः युद्धाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. खाली त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर खाली मान घालून शिवतात, संध्याकाळी वर येतात, उजेडातली खुर्ची त्यांची, सुरीनं कापलेला पहिला पाव त्यांचा. लग्न केलं नाही. कोण विचारणार, का म्हणून?

मंगळवार, १२ मार्च

आज पकडले गेले.

दुसऱ्या खोलीसाठी बरगड्या हव्या होत्या. बरगडीला कोबी चांगला. घरी कुणी नाही असं बघून मी न्हाणीघरात दार लावून, अंगावर दोन रजया घेऊन एका कोबीवर बुक्क्या मारत होते. दार उघडलं तर समोर भाऊजी.

"काय करताय, वहिनी?"

"माणसाच्या बरगड्या मोडतेय," तोंडातून निघून गेलं. एकोणतीस वर्षं चमचे जपले आणि आता हे!

भाऊजींनी कोबीकडे पाहिलं, मग रजयांकडे. तिसऱ्यांदा कोबीकडे. दचकलेले वगैरे दिसले नाहीत, हे त्यांच्या धीराचं लक्षण. मी हळूच म्हटलं, "भाऊजी, दुखवायचा हेतू नाही, पण... असाच येतो का हो आवाज?"

त्यांनी कोबी उचलून हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "जवळून ऐकलं की आवाज नसतोच."

एवढंच बोलून गेले. जाताना म्हणाले, "कोबी वाया घालवू नका, सूपमध्ये टाका."

बुधवार, १३ मार्च

टोपीला ते वाक्य सांगितलं. तिनं ते भिंतीवर खडूनं लिहिलं. मग खाली बसली. मग उठून म्हणाली, "मला ते हवेत."

मी म्हटलं, ते येणार नाहीत, एकोणतीस वर्षांत मलाच काही बोलले नाहीत. संध्याकाळी भीत भीत विचारलं तर म्हणाले, "येतो की." मी आ वासून बघत राहिले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या स्टुडिओच्या फाटकावर कोण असतं?"

मी सांगितलं, आमचा दरवान. तोही त्याच युद्धातला, अगदी पुढच्या फळीतला. डाव्या हाताला तीन बोटं उरलीत आणि तीच हलवून सगळ्या गावाला सलाम करतो. बडबड्या आहे पण मनानं चांगला.

"धूर काढतो का?" भाऊजींनी विचारलं.

"गाडीच्या इंजिनासारखा."

"मग मी मागच्या जिन्यानं येईन," भाऊजी म्हणाले. त्यांना सिगारेटचा वास सहन होत नाही हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

शुक्रवार, १५ मार्च

भाऊजी आले. मागच्या जिन्यानं, स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून.

टोपीनं त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तीन गोळ्या ऐकवल्या. पहिली खरी, संग्रहालयातून आणलेली ध्वनिमुद्रित फीत. दुसरी, मी चामड्याच्या सोफ्यावर लाकडी पट्टी मारून काढलेली. तिसरी, कमरेचा पट्टा दुमडून खाटकन ओढलेला.

"यातली खरी कुठली?" टोपीनं विचारलं.

"दुसरी," भाऊजी क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "हीच."

सोफा! मला उगाच फुलून आल्यासारखं झालं. चौतीस वर्षांच्या कामाला याहून मोठी पावती काय? टोपी मात्र भराभर वहीत लिहीत होती की स्मृतीला खऱ्यापेक्षा खोटं जवळचं असतं, किंवा असंच काहीतरी.

मग एक गंमत झाली. तिसऱ्या खोलीसाठी मी कापडाच्या ढिगाऱ्यात हात घालून कुणीतरी कुणालातरी ओढत नेतंय असा आवाज काढत होते. भाऊजींचे डोळे मिटलेलेच होते. एकदम म्हणाले, "हे पडद्याचं कापड आहे."

"हो. पण गणवेशासारखं जाड आहे ना?"

"जाड असेल. पण हे कधी धुतलेलंच नाही. गणवेश दहा-बारा वेळा उकळून निघाला की मऊ पडतो, फक्त शिवणी कडक राहतात. ओढला की कापड गप्प आणि शिवणी बोलतात." ढिगात हात घालून, डोळे न उघडता, त्यांनी एकेक तुकडा बाजूला काढला. हे ताडपत्री, हे उशीचं, हे स्वयंपाक्याचं एप्रन. एकही चुकलं नाही.

लढाईच्या धामधुमीतही माणसाचं कापडाकडे किती लक्ष! म्हणतात ना, ज्याचा त्याचा पिंड.

मंगळवार, १९ मार्च

सात खोल्या झाल्या. आठवी अडलीय. आठवीत एक टेबल आहे, त्यावर खिडकीतून ऊन पडलंय, बस. टोपी म्हणते तिथे सगळ्यात मोठा स्फोट हवा. मी चार स्फोट काढून दिले. भाऊजींनी चारही ऐकून "बरे आहेत" म्हटलं, जसं गिऱ्हाईकाच्या बायकोच्या स्वयंपाकाला म्हणावं तसं.

आज टोपीनं जाहीर केलं की सिनेमा पहिल्यांदा माजी सैनिकांच्या संघटनेला दाखवायचा. चाळीस-पन्नास माणसं. आणि खेळ संपला की भाऊजींनी व्यासपीठावर यायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. नामावलीत त्यांचं नाव वेगळ्या पाटीवर: "युद्धाचा कान".

भाऊजी तिथल्या तिथे खाली बसले. घरी येऊन पांघरूण घेऊन झोपले. "ताप आहे," म्हणाले. तापमापकात काही नव्हतं. तापमापक झटकून पुन्हा लावला, तरी नाही.

यांना सांगितलं. हे निवृत्त झाल्यापासून शब्दकोड्यात राहतात, अधूनमधून आमच्यात येतात. म्हणाले, "कशाला ओढता त्याला त्यात? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कसली मूठ?"

"काही नाही. 'पाण्यातला पक्षी', तीन अक्षरी, सांग."

शुक्रवार, २२ मार्च

आज नको ते ऐकलं. क्रमानं लिहिते.

दुपारी टोपी कामासाठी बाहेर गेली होती. भाऊजी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आठव्या खोलीसाठी कापडं निवडत बसले होते. मी काचेच्या अलीकडे, कानाला हेडफोन. माईक चालू होते. एवढ्यात दरवान मागच्या जिन्याची किल्ली घेऊन आत शिरला. काचेला पडदा होता, मी त्यांना दिसत नव्हते. हेडफोन काढायला हवा होता. नाही काढला. उलट मुद्रण सुरू केलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

"मागच्या जिन्यानं येणारे ते तुम्हीच का?" दरवान म्हणाला. "म्हटलं, एकदा बघावं तरी. बाई सांगत होत्या, पुढच्या फळीत होतात. कुठे? नदीकडे की डोंगराकडे?"

भाऊजी म्हणाले, "मधे."

"मधे तर कुणीच नव्हतं. मधे दलदल होती."

मी आवाजाचं बटण वाढवलं. भाऊजींच्या बोटांखाली कापड चुरगळलेलं ऐकू आलं.

"मी रफू करायचो," भाऊजी म्हणाले.

"काय करायचात?"

"रफू. डेपोत. आघाडीपासून दोनशे किलोमीटर मागे. बत्तीस जण होतो. फाटके गणवेश धुऊन यायचे, आम्ही भोकं बुजवायचो, गणवेश परत जायचे. मी गोळी ऐकलेलीच नाही, एकसुद्धा नाही. एकदा कपडे उकळायचा बॉयलर फुटला होता, तेवढंच."

मग दरवान हसला. असं हसला की यंत्रावरचा आवाजाचा काटा लाल रेषेपलीकडे गेला आणि माझे कान बधिर झाले. "आणि बाईंच्या घरी एकोणतीस वर्षं चमचे..." त्याला पुढे बोलवेना. (मीच त्याला सगळं सांगितलेलं. मेला.)

"आईनं सुरू केलं," भाऊजी म्हणाले. "मी घरी आलो तेव्हा मला काही बोलावंसं वाटत नव्हतं. तिला वाटलं, तोफा. शेजारणींना सांगून मोकळी झाली. मग मी काय म्हणणार? नाही हो, मी सुईदोरा घेऊन बसलो होतो?"

दरवानाचं हसणं हळूहळू थांबलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बसला असावा.

"रफू गोल घालायचात का चौकोनी?" त्यानं विचारलं. आवाज वेगळाच होता.

"गोल. चौकोनी मशीनवर व्हायचं, पलीकडच्या दालनात. चौकोनी कोपऱ्यातून उसवतं."

"मला गोलवाला मिळाला होता. इथे, खिशाच्या वर." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत नसेल, त्या शर्टांसाठी आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. नवा कोरा कुणाला नको असायचा. रफूवाल्या शर्टाच्या वाट्याची गोळी येऊन गेली, म्हणायचे. आता त्याला पुन्हा लागायची नाही. मी तो शर्ट झोपतानासुद्धा काढायचो नाही. काय हो, तसले कधी परत आले का तुमच्याकडे? आधी रफू केलेले?"

यंत्रावर आकडे पळत होते. अकरा सेकंद.

"नाही," भाऊजी म्हणाले. "तसले परत आले नाहीत."

"बघा! मी सांगत नव्हतो?" दरवान म्हणाला. त्यानं भाऊजींच्या पाठीवर थाप मारली, तीन बोटांची. तिचाही आवाज नीट आलाय.

शनिवार, २३ मार्च

राग आला आहे. लिहून काढते.

एकोणतीस वर्षं! मी माझ्याच घरात मांजरीसारखी चालले. शिंक आली की उशीत तोंड खुपसलं. मुलगी लहान असताना तिचा खुळखुळा मी कापूस भरून मुका केला. आणि हा गृहस्थ बॉयलरवाला!

सकाळी भाऊजी खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या मागे जाऊन सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण हातातून सोडून दिलं. मुद्दाम. लादीवर असं गरगरलं की शेजारच्या घरात कुत्रं भुंकलं.

भाऊजींनी मानही वळवली नाही. "वाकलं असेल, वहिनी," म्हणाले. मग हळूच, "ऐकलंत वाटतं काल."

"ऐकलं! सगळं ऐकलं!"

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि पावाला लोणी लावत बसले. यावर भांडायचं कसं?

म्हणून यांच्याकडे वळले. सगळं सांगितलं. हे पेन्सिल खाली न ठेवता म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"डेपोतून पत्रं यायची ना त्याची मला. दोऱ्याचा रंग मिळत नाही, सुया बोथट आहेत, असलीच."

"आणि तुम्ही मला एकोणतीस वर्षांत बोलला नाहीत?"

यांनी चष्मा वर केला. एवढ्या प्रेमानं लग्नातसुद्धा माझ्याकडे पाहिलं नव्हतं. म्हणाले, "अगं, घर किती शांत होतं!"

मी दुसरंही झाकण आपटलं.

मंगळवार, २६ मार्च

टोपीला सांगायचं कसं या विचारानं तीन दिवस घास गोड लागला नाही. "युद्धाचा कान" म्हणून पाट्यासुद्धा रंगवून झाल्या होत्या. शेवटी भाऊजी स्वतःच गेले, पुढच्या फाटकातून. दरवानानं खडा सलाम ठोकला.

भाऊजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. डोळे उघडले तर तिनं टोपी काढली होती. खाली साधेच केस होते, थोडे चपटलेले.

"सोफा," ती म्हणाली. "तुम्ही सोफा निवडला होता."

"मला काय माहीत, मुली. मला तो आवडला."

टोपी हसायला लागली. मग रडल्यासारखी हसायला लागली. मग तिनं विचारलं, "तिथे, डेपोत, काय ऐकू यायचं?"

"काही नाही. बत्तीस माणसं शिवत असली की काय ऐकू येणार? दोरा. कुणी खोकायचं." भाऊजी बोटांकडे बघत होते. "भोक बघून कळायचं. खांद्याचं असलं की आम्ही म्हणायचो, हा घरी गेला असेल, हात गळ्यात बांधून. पाठीचं असलं की कुणी काही म्हणायचं नाही. एक शर्ट माझ्याकडे तीनदा आला. माझंच रफू, त्याच्या शेजारी दुसरं भोक. ते बुजवलं. महिन्यानं पुन्हा आला. आत कॉलरवर नाव असायचं शाईनं, पहिलं खोडून दुसरं, दुसरं खोडून तिसरं. मी चौथ्यासाठी जागा सोडली नाही. कॉलरच उलटी करून शिवून टाकली."

हे मला चमत्कारिक वाटलं. चार दिवसांपूर्वी दरवानाला तर म्हणाले होते की तसले परत आले नाहीत, माझ्याकडे मुद्रण आहे. या माणसाला एक गोष्ट दोनदा सारखी सांगता येत नाही. पण टोपी इतकी गप्प झाली होती की मी चूक काढली नाही.

गुरुवार, २८ मार्च

आठव्या खोलीतला स्फोट रद्द. तिथे आता रफू. नऊ मिनिटं.

मी म्हटलं, मी करून देते. रेशमावर मेणाचा दोरा ओढला की छान आवाज येतो, खऱ्यापेक्षा खरा. टोपी म्हणाली, नको, खरंच करू द्या. माझ्या धंद्यात ही शिवीच आहे. पण गप्प बसले.

खरं ते कधी माईकला ऐकूच येत नाही, हे मी चौतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. सुई कापडात शिरताना काय आवाज होणार? सहा माईक लावले. खिडक्यांना गाद्या बांधल्या. घड्याळ काढून गाडीत ठेवलं. भाऊजींचे श्वास फार मोठे यायला लागले म्हणून त्यांना तोंडानं, हळू, घ्यायला शिकवलं. तरी काही नाही. शेवटी मी एक माईक त्यांच्या मनगटालाच बांधला.

आणि आलं. आधी टोचल्याचा एक ठिपका. मग दोरा ओढल्याची लांब रेघ. मग गाठीपाशी कापड किंचित कण्हतं. ठिपका, रेघ, कण्हणं. पाचव्या मिनिटाला मला वाटलं, आता पुरे. सातव्या मिनिटाला वाटलं, भोक किती मोठं आहे हे!

भाऊजींनी वर बघून विचारलं, "चालेल का, वहिनी?"

"ध्वनी आहे," मी म्हटलं. याहून जास्त स्तुती मी कुणाची केलेली नाही.

शनिवार, ६ एप्रिल

खेळ झाला.

सेहेचाळीस माणसं आली. पहिल्या खोलीत कुणीतरी विचारलं, "सुरू झालं का?" दुसऱ्या खोलीत माझ्या कोबीनं दोघं उठून बाहेर गेले, ते धूम्रपान करून परत आले. माझ्या मागे एक जण चक्क घोरत होता, आणि ते घोरणं टोपीच्या ध्वनिपटात इतकं नीट बसलं की मी दोनदा विचार केला, हे आपण केलंय की काय. पाचव्या खोलीत खुर्ची पडली. सगळे एकदम दचकले. खुर्चीसाठी मी पियानोचं बाक वापरलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही.

आठव्या खोलीत घोरणं थांबलं. ऊन पडलेलं टेबल आणि सुई. कुणी कुजबुजलंसुद्धा नाही. संपल्यावर टाळ्या नाहीत. टोपी माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली.

दिवे लागले. भाऊजी व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, "मी लढलो नाही. मी तुमचे कपडे शिवले." एवढंच बोलून खाली उतरायला लागले. मग मागून दरवान ओरडला, "गोल का चौकोनी ते सांगा की!" आणि अख्खं सभागृह फुटलं. कुणी खिशावर हात ठेवून दाखवतोय, कुणी काखेपाशी. एकानं तर विजारीच्या मागची जागा दाखवली आणि म्हणाला, ही काटेरी कुंपणाची, सांगायला लाज वाटते. भाऊजींना इतका वेळ लोकांत हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गर्दी पांगली तेव्हा एक बाई पुढे आल्या. सत्तरीच्या असतील. पिशवीतून घडी केलेला शर्ट काढला. म्हणाल्या, "भावाचा आहे. त्याच्या सामानाबरोबर घरी आला. हे रफू आधीचं आहे म्हणाले, त्याच्या अंगावर यायच्या आधीचं. तुमच्या हातचं आहे का, एवढंच बघायचं होतं."

मी भाऊजींच्या खांद्यावरून पाहिलं. चौकोनी होतं. मशीनचे टाके, जवळजवळ, कडक, पोस्टाच्या तिकिटासारखे. शेजारचा माणूससुद्धा सांगेल.

भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला, शर्ट उजेडात धरला, बोट फिरवलं.

"हो," म्हणाले. "माझाच हात."

"घाईत केलं होतंत?"

"नाही, बाई. याला सबंध दुपार लागली. आठवतंय मला, त्या दिवशी उजेड चांगला होता."

त्या बाईंनी डोळे पुसले नाहीत की काही नाही, नुसत्या मान हलवत राहिल्या. शर्ट परत घ्यायला हात पुढे केला तर भाऊजी म्हणाले, "एक टाका सुटलाय. गुरुवारपर्यंत माझ्याकडे राहू द्या."

बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. "चौकोनी होतं ते, भाऊजी. मशीनचं."

"हो."

"आत्ता व्यासपीठावर खरं बोललात, दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पुन्हा सुरू?"

ते खिडकीबाहेर बघत बसले. जित्याची खोड, दुसरं काय.

सोमवार, ८ एप्रिल

भाऊजींनी आज दुकान उघडलं नाही. सकाळपासून वरच, खिडकीपाशी तो शर्ट घेऊन बसलेत. मी भिंग घेऊन पाहिलं, एकही टाका सुटलेला नव्हता. तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी धारदार पातं घेतलं आणि ते रफू उसवायला लागले. चांगलं, धडधाकट, इतकी वर्षं टिकलेलं रफू! एकेक टाका कापायचा, चिमटीनं ओढायचा, रुमालावर ठेवायचा.

"अहो, चांगलं आहे ते, कशाला मोडताय?" मी म्हटलं.

"गुरुवारी त्या येणार आहेत," भाऊजी म्हणाले, जणू हे उत्तर झालं.

दुपारपर्यंत भोक पुन्हा मोकळं झालं. लहानसंच आहे. माझी करंगळी जाईल एवढं. भाऊजींनी डेपोच्या काळातला दोरा कुठल्याशा डब्यातून शोधून काढला, रंग कापडाशी तंतोतंत जुळला. सुई माझ्यापुढे धरली.

"ओवून देता का, वहिनी? डोळे चालत नाहीत आताशा."

मी ओवून दिली. त्यांनी खुर्ची उन्हाकडे आणखी जरा सरकवली, शर्ट गुडघ्यावर ताणला आणि कडेपासून सुरुवात केली. गोल.